मावशी मला शंख म्हणाली

भोपाळहून परत आल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, "काय काय पाहिलंस?" मी जरा विचार केला आणि म्हणाले, "मावशीच्या परसातला अर्थिंगचा खड्डा." ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. मी सहसा विनोद करत नाही आणि हाही नव्हता. तलाव पाहिला, त्यावरचं धुकं पाहिलं, पळस पेटलेला पाहिला. ते सगळं कुणीही दाखवील. खड्डा मात्र दाखवणारं कुणी भेटायचं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी मी का गेले ते सांगते. पुण्यात माझं काम लॅपटॉपवर चालतं आणि त्यात दिवसातून बरेचदा मीटिंगमध्ये बोलावं लागतं. गेल्या वर्षापासून माझं एक विचित्र सुरू झालं होतं. वाक्य अर्ध्यावर आलं की श्वास संपायचा. पळून आल्यासारखा. पुढचे शब्द तोंडात असायचे, त्यांना बाहेर ढकलायला हवाच नसायची. मग मी "नेटवर्क खराब आहे" असं लिहून मोकळी व्हायचे. डॉक्टरांनी तपासलं आणि छातीत काहीही नाही असं सांगितलं. "तुम्ही श्वास गळ्यापर्यंतच घेता," म्हणाले. मी तशीही कमी बोलणारी. शाळेत बाई माझ्या आईला सांगायच्या, "शी इज व्हेरी क्वाएट," आणि आईला ती तारीफ वाटायची. पण गप्प बसणं वेगळं आणि बोलायचं असून न येणं वेगळं. मला भीती वाटायला लागली होती की हे आता कायमचं.

मावशीला आईकडून कळलं. तिचा फोन आला. "इकडे चालून ये. आमची सकाळची मंडळी आहे. अनवाणी चालायचं, श्वास घ्यायचा, बस. या वेळी रविवारपर्यंत रोज वेगळ्या जागी जाणार आहेत."

"मावशी, बोलावं लागतं का तिथे?"

"छे गं. कुणी कुणाशी बोलत नाही."

माझ्या मावशीने आयुष्यात मारलेली ही सर्वांत मोठी थाप.

इंद्रपुरी

मावशी लग्न होऊन साताऱ्याहून इथे, भोपाळच्या इंद्रपुरीत आली. काका इथल्या मोठ्या कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते, आता निवृत्त आहेत. गल्लीत तमिळ, मल्याळी, बंगाली, बिहारी, सगळे कारखान्यामुळे आलेले आणि मग राहून गेलेले. घरात मराठी अगदी स्वच्छ बोलतात, पण मध्येच कुठेतरी हिंदीचा खडा लागतो. आम्ही पोहे करतो, मावशी पोहे "बनवते". त्यात बडीशेप घालते, वर शेव आणि जीरावन नावाचा मसाला भुरभुरते, आणि शेजारी जिलबी ठेवते. पोह्यांशेजारी जिलबी पाहून मी थांबले. मावशी म्हणाली, "खा. आधी मलाही कसंतरी वाटायचं. आता साताऱ्याला गेले की जिलबीवाचून पोहे गिळत नाहीत."

काका परसात होते. पेरूच्या झाडाखाली सिमेंटची एक चौकट, तिच्यावर लोखंडी झाकण. ते झाकण बाजूला करून काका आत बादलीभर पाणी ओतत होते. मला वाटलं झाड असेल. आत नुसता एक गंजका पाइप होता.

"हे काय आहे, काका?"

"हे तुझ्या मावशीचं ग्राउंडिंग," काका म्हणाले.

आतून मावशी ओरडली, "सुरू झाले का! अहो, ती आत्ता आलीय!"

मला आधी काही कळलं नाही. लहानपणी मी वाचायचे त्या इंग्रजी गोष्टींत ग्राउंडेड म्हणजे शिक्षा. मुलगी खोटं बोलली की तिला घरात कोंडायचे. मावशीच्या मंडळींत ग्राउंडिंग म्हणजे अनवाणी पायांनी मातीवर उभं राहणं. आणि काकांच्या लेखी या शब्दाचा एकच अर्थ होता, तो त्यांनी मला उभ्या उभ्या समजावला. घरातली जास्तीची वीज जमिनीत उतरायला वाट लागते. ती वाट म्हणजे हा पाइप. त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ भरलेलं असतं. पण माती कोरडी पडली की ती काहीच घेत नाही. म्हणून ऊन वाढायला लागलं की पाणी घालायचं.

"पाइप कितीही चांगला असो," काका म्हणाले, "माती ओली नसेल तर नुसता दांडा. तुझ्या मावशीची ती दीदी सांगते, पाय टेका, सगळं जमिनीत जाऊ द्या. मी म्हणतो, बाई, पाय ओले करायला सांगा आधी!"

"तुम्ही जात नाही का?"

"माझं अर्थिंग उत्तम आहे," काका म्हणाले. "मी तुझ्या मावशीचं सगळं ऐकून घेतो आणि सोडून देतो."

बडा तालाब

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आम्हा दोघींना गाडीने तलावाच्या काठी सोडलं. फेब्रुवारी संपत आला होता तरी पहाटे चांगलीच थंडी होती. काठावरच्या गवताच्या पट्ट्यात वीसेक माणसं होती आणि चपला एका चादरीवर ओळीने मांडल्या होत्या. देवळाबाहेर काढतात तशा, फक्त देऊळ कुठे नव्हतं. मी बूट काढले, मोजे काढले आणि दवात पाय ठेवला. थंडी घोट्यातून थेट दातांत गेली. पुण्यात मी शेवटचं गवतावर अनवाणी कधी चालले होते, मला आठवेना. आमच्या सोसायटीत गवतावर पाय ठेवू नये अशी पाटी आहे.

मंडळींच्या प्रमुख दुबे दीदी. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्तीनंतरही आवाज प्रार्थनेच्या मैदानावरचाच राहिला होता. "एड़ी पहले. धीरे. ज़मीन को मालूम पड़ना चाहिए कि आप आए हैं." आम्ही हळू चाललो. मग उभं राहून श्वास. "छोड़ो. और छोड़ो. पूरा छोड़ो. जो पूरा छोड़ेगा, वही पूरा लेगा." सगळ्यांचा श्वास सुटण्याचा एक मोठा आवाज झाला. मी अर्धाच सोडला. पूर्ण सोडला आणि परत आलाच नाही तर? हा विचार मूर्खपणाचा आहे हे मला माहीत होतं, पण छातीला माहीत नव्हतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण मग दीदींनी सगळ्यांना गोल बसवलं.

"आज नए लोग हैं. सब अपना नाम बताएँ, और ये भी कि आपको क्या आता है. गाना, खाना, कुछ भी."

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने तलावाकडे पाहिलं.

गोल माझ्या दिशेने सरकत आला. एका बाईंना लोणचं येत होतं. खालिदभाई नावाचे जुन्या शहरातले काका होते, घड्याळांचं दुकान मुलांच्या हवाली करून आलेले. ते म्हणाले, "अपन को तो कुछ नईं आता खां, अपन तो सुनने आए हें," आणि सगळे हसले. मग माझी पाळी. मी तोंड उघडलं. नाव निघालं, "केतकी". त्याच्यापुढे श्वास संपला. वीस माणसं माझ्याकडे पाहत होती, प्रेमानेच, आणि तेच जास्त कठीण होतं. पाण्यावर एक पाणकावळा बुडी मारून गेला. तो वर आला तरी मी गप्पच होते.

मावशीला राहवेना. तिने घाईघाईने हसून, माझ्या पाठीवर हात ठेवून, हिंदीत सांगून टाकलं, "अरे दीदी, इसको रहने दीजिए. ये तो एकदम शंख है!"

मग दुबे दीदींचा चेहरा उजळला.

"शंख! अरे वाह! बिटिया शंख बजाती है?"

आणि टाळ्या. खऱ्या, मोठ्या. रविवारी टेकरीवर सूर्य उगवताना शेवटचा कार्यक्रम, त्याची सुरुवात शंखाने व्हायची, दरवर्षी एक पांडेजी वाजवायचे, ते आता मुलाकडे बंगलोरला गेले, आणि दीदी काळजीत होत्या की या वर्षी काय. "भगवान ने भेज दिया!" म्हणून त्यांनी पिशवीतून लाल कापडात गुंडाळलेला एक शंख काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. पपईएवढा. थंडगार आणि भलताच जड.

मला वाटलं, मावशीने माझ्याबद्दल काहीतरी चांगलं सांगायचं म्हणून हे बनवून सांगितलं. मी तिच्याकडे वळले. मावशी पांढरी पडली होती.

देवघरातला शंख

घरी आल्यावर मी विचारलं, "मावशी, मी शंख आहे असं तू त्यांना का सांगितलंस? मला कुठे वाजवता येतो?"

मावशी ओट्याशी जाऊन उगाच एक स्वच्छ पातेलं घासायला लागली. काकाच बोलले. "तुला शंखाचा अर्थ माहीत नाही का गं?"

मला मराठी येतं. पण ते घरातलं, सभ्य मराठी. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे एक मोठं नुकसान झालं, मराठीतल्या शिव्या कुणी माझ्यावर वापरल्याच नाहीत. मैदानावर, वर्गात, बाकावर ज्या मुलांना फुकट मिळतात त्या मला मिळाल्या नाहीत. काकांनी सांगितलं की मराठीत एखाद्याला शंख म्हटलं तर तो मठ्ठ, ठोंब्या, डोक्यात काही न शिरणारा.

"म्हणजे तू मला मठ्ठ म्हणालीस?"

"मठ्ठ नाही गं बाळा!" मावशीने पातेलं ठेवलं. "बोलायच्या बाबतीत शंख, एवढंच. पटकन तोंडातून निघालं. आणि त्या दुबे बाईंना नेमका शंख हवा होता, याला मी काय करू?"

"मग उद्या सांग त्यांना."

"काय सांगू? की मी वीस जणांपुढे भाचीला बुद्धू म्हणाले?" मावशीने पदराने डोळे टिपले. हसू होतं की रडू, ते तिलाही ठरवता येत नव्हतं. "तूच सांग ना."

मी सांगणार! जिला स्वतःचं नाव सांगून पुढे जाता येत नाही, ती एवढी मोठी हकिगत सांगणार, तीही हिंदीत. शेवटी काकाच म्हणाले, "सांगण्यापेक्षा वाजवणं सोपं दिसतंय."

आमच्या पुण्याच्या देवघरातही शंख आहे. तो छोटा आहे, त्याच्यात पाणी भरतात, त्याला गंध लावतात. तो वाजताना मी कधी ऐकला नाही. मावशीकडेही तसाच. मी तो हातात घेऊन पाहिला, तर टोकाला भोकच नव्हतं. "पूजेचा शंख वाजवत नाहीत," मावशी म्हणाली, "आणि वाजवायचा तो बायकांनी वाजवू नये म्हणायचे आमच्याकडे. का ते कुणी सांगितलं नाही." इथे, तिच्या गल्लीत, समोरच्या बंगाली काकू रोज संध्याकाळी शंख वाजवतात आणि त्याच्यावर लोक घड्याळ लावतात. एकाच देवाची एकच वस्तू, एका घरात तिच्यात पाणी भरायचं, समोरच्या घरात ती फुंकायची.

पण बंगाली काकू नेमक्या मुलीकडे गेल्या होत्या. मी गच्चीवर गेले आणि फुंकलं. फुस्स. पुन्हा फुंकलं. फुस्स. गाल फुगवून, डोळे मिटून, डोकं गरगरेपर्यंत फुंकलं. खालून काकांचा आवाज आला, "शिटी झाली का गं? भात झाला असेल!"

केरव्याच्या वाटेवर

पुढची सकाळ केरवा धरणाच्या बाजूला, दीदींच्या ओळखीच्या कुणाच्या शेतात. शहर संपतं आणि काळी जमीन लगेच सुरू होते. गहू ओंबीवर आलेला, बांधापलीकडे हरभरा. रस्त्याकडेला वाघापासून सावध राहण्याची पाटी होती. मला गंमत वाटली, पण इथल्या लोकांना वाटत नाही. भोपाळला वाघ शहराच्या कडेला फिरून जातो, आणि लोक ते आमच्याकडे बिबट्याबद्दल बोलतात त्याहून शांतपणे बोलतात.

"शंख सुनेगा तो भाग जाएगा," खालिदभाई म्हणाले. "क्यों उस्ताद?"

सगळे मला आता उस्ताद म्हणत होते. मी हसले. त्यांना माझं हसणं विनयाचं वाटलं.

गव्हाला रात्री पाणी दिलेलं होतं. दीदींनी आम्हाला पाटाच्या कडेने ओल्या मातीतून चालवलं. काळी माती बोटांमधून वर येते, पाय धरून ठेवते, सोडताना चपकन आवाज करते. मला पहिल्यांदा वाटलं की खाली खरंच कुणी आहे. एकेक पाऊल उपटताना दुसऱ्या कशाचा विचार करायला जागाच उरत नव्हती. मी बराच वेळ शंख विसरले, मीटिंगा विसरले, श्वासही विसरले. तो आपला आपण चालला होता.

मग बांधावर चढले आणि सराट्यावर पाय पडला.

"आई गंऽऽऽ!"

तो आवाज माझा होता हे मला थोडं उशिरा कळलं. गव्हातून पाखरांचा एक थवा उठला. पुढे गेलेले सगळे वळले. मावशी पाय सांभाळत धावत आली, पण माझ्या पायाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"अगं! कुठून काढलास एवढा आवाज?"

मीही तोच विचार करत होते. गळ्यातून आला नव्हता. बेंबीच्याही खालून कुठून तरी, एकदम, परवानगी न घेता आला होता. म्हणजे हवा होती तर. फक्त मी तिला विचारत बसले की ती येत नव्हती.

काटा मावशीने केसातल्या पिनेने काढला. तोवर शेतात काटक्यांचा जाळ झाला आणि हरभऱ्याचे हिरवे डहाळे त्याच्यावर टाकले गेले. आमच्याकडचा हुळाच, इथे होला म्हणतात. हात काळे, ओठ काळे, प्रत्येक जण दुसऱ्याला तोंड पूस म्हणून सांगत होता. खालिदभाईंनी थर्मासमधून चहा ओतला. घोट घेतला आणि मी थबकले. चहा खारट होता.

"नमक?" मी विचारलं.

"हओ. पुराने शहर की चाय हे बिटिया. शक्कर भी, नमक भी. पेला घूँट अजीब लगता हे, दूसरे में समझ आती हे."

दुसऱ्या घोटाला खरंच समजली. खीर खाताना मध्येच कुणीतरी खरं बोलावं तशी चव. मी कप पुढे केला. खालिदभाईंनी भुवया उंचावल्या आणि मावशीला म्हणाले, "आपकी भांजी तो भोपाली निकली. बोलती नईं, मगर चाय माँगती हे."

परस

शनिवारी दुपारपर्यंत मी गच्चीवर, न्हाणीघरात, पेरूखाली, सगळीकडे फुंकून पाहिलं. ओठ सुजले. समोरच्या घरातला कुत्रा माझ्याकडे पाहून मान तिरकी करायला लागला. उद्या सकाळी वीस माणसांपुढे फुस्स होणार, हे आता नक्की होतं. मला हसं होण्याची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. मी पुन्हा एकदा, सगळ्यांसमोर, तोंड उघडणार आणि आतून काही येणार नाही. मग पुण्याला जाऊनही मी तीच असणार.

काका पुन्हा खड्ड्यात पाणी ओतायला आले. पाणी चौकटीबाहेर सांडून भोवती चिखल झाला होता.

"ये," ते म्हणाले. "चपला काढ आणि इथे उभी राहा. दीदींचं आणि माझं, दोन्ही अर्थिंग एकदम करू. बघू कुणाचं लागू पडतं."

"काका, शॉक लागेल?"

"माझ्या अर्थिंगला? अपमान करतेस?"

मी चिखलात उभी राहिले. पाय आत रुतले. शंख उचलला आणि सगळा जोर लावला. फुस्स. काका म्हणाले, "अजून दम लाव!" मी अजून जोर लावला. फुस्स.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी उभी होती. "अहो, तुम्ही हिंदीतला दम सांगताय तिला," ती म्हणाली. "दम लगाओ, दम लगाओ. त्यानेच तर होत नाहीये. केतकी, दम धर. जरा दम धर गं."

आमच्याकडे दम धर म्हणजे थांब, घाई करू नकोस. आई मला हजारदा म्हणाली असेल, मी कधी त्यातल्या दमाकडे लक्ष दिलं नव्हतं. मी शंख खाली घेतला. थांबले. दीदी सांगतात तसा श्वास सोडला. पूर्ण, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि पाय चिखलात होते म्हणून असेल, पण या वेळी भीती वाटली नाही. मग काही न करता उभी राहिले. हवा आपोआप आत आली, गळ्याशी न थांबता खाली गेली, काल जिथून आई गं निघालं होतं तिथपर्यंत. ओठ मिटून, नुसते सैल ठेवून मी ती सोडली.

शंख थरथरला. माझ्या बोटांना आधी कळलं, कानांना नंतर. लांब नव्हता, गोड तर नव्हताच, म्हैस हंबरावी तसा होता. पण तो आवाज होता. समोरचा कुत्रा उठून आत पळाला.

"लागला!" काका ओरडले. "करंट लागला!"

मावशीने कणकेच्या हातांनी माझे गाल धरले. त्यानंतर अंधार पडेपर्यंत मी खूप वेळा प्रयत्न केला. एकदाही वाजला नाही.

टेकरी

रविवारी काकाही आले. अनवाणी चढणार नाही असं आधीच बजावून, बूट घालून.

तलावाच्या पलीकडे गावाबाहेर एक टेकडी आहे, तिला सगळे नुसतं टेकरी म्हणतात. वाटेत पळस फुललेला, पान एकही नाही, सगळी फुलं. खाली पडलेल्या पाकळ्यांवरून चाललो. वर सपाट खडक. रात्रभर थंड झालेला, पायाला गुळगुळीत लागणारा. समोर सगळा तलाव, त्याच्यावर धुक्याची साय आणि पलीकडे शहर, त्यातले मिनार आणि मोबाइलचे टॉवर दिसत होते. आज नेहमीच्या मंडळींबरोबर त्यांची नातवंडं, सुना, शेजारी असे कितीतरी लोक होते.

दीदींनी मला कड्याच्या जवळ उभं केलं. पूर्वेकडे आभाळ गुलाबी झालं. मग एका ठिकाणी, डोंगराच्या कडेला, चिमटीएवढं लाल दिसलं.

"बिटिया, शुरू करो."

मी फुंकलं. फुस्स.

मागे कुणीतरी खाकरलं. मी पुन्हा फुंकलं. फुस्स. मला ओळखीचं ते सगळं परत आलं. शंख ओठांना, आणि त्यात ढकलायला हवाच नाही. "दम लगाओ उस्ताद!" खालिदभाई म्हणाले, मायेनेच. मग बाकीचेही. "दम लगाओ, बेटा! हाँ, दम लगाओ!" सगळी टेकरी मला जोर लावायला सांगत होती. सूर्य अर्धा वर आला.

आणि गर्दीच्या मागून, एकटीच, मराठीत, "दम धर गं केतकीऽ! दम धर!"

तिथे ते आम्हा तिघांनाच कळलं.

मी शंख खाली घेतला. पाय थोडे फाकवले, तळवे खडकावर टेकवले. खडक थंड होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती. श्वास सोडला. सगळा. लोक वाट पाहत होते, पाहू दिलं. आतमध्ये काहीच उरलं नाही तिथे मी जरा थांबले, आणि मग हवा आली. मी बोलावलं नव्हतं. आली, खाली गेली, जागेवर बसली. मी शंख ओठांना लावला.

तो वाजला. म्हशीसारखा नाही. उंच, सरळ, भरलेला. संपत आला असं वाटलं तरी माझ्यात हवा शिल्लक होती, म्हणून वाजत राहिला. तलावाकाठच्या बाभळींवरून बगळे उठले, एकेक करून नाही, सगळे एकदम. आवाज पाण्यावरून पलीकडे गेला, आणि थोड्या वेळाने, माझा श्वास संपल्यानंतर, पलीकडून परत आला. सूर्य पूर्ण वर होता. मी दुसऱ्यांदा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवला, त्याची गरज नव्हती, मला हवा होता म्हणून.

टाळ्या, शिट्या. खालिदभाई "को खां! को खां!", आपलं 'काय राव', एवढंच म्हणत होते. काकांचे डोळे ओले होते आणि मी पाहिल्यावर ते बुटाची नाडी बांधायला वाकले. मी पाहिलं, बूट त्यांच्या हातात होते. नाडी कुठे, पायच उघडे.

अनवाणी चालल्याने काय होतं, जमिनीतून काही वर येतं की आपल्यातलं काही खाली जातं, मला माहीत नाही. काका आणि दीदी दोघेही आपापल्या परीने ठाम आहेत. मला एवढंच सांगता येईल की त्या खडकावर मी उभी होते, आणि मी सगळीच्या सगळी तिथेच होते.

दीदींनी मला जवळ घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्यांच्या शाळेच्या आवाजात विचारलं, "बिटिया, किससे सीखा?"

पुन्हा सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी श्वास घेतला. तो खालपर्यंत गेला.

"दीदी," मी म्हणाले, आणि मलाच माझा आवाज मोठा वाटला, "मुझे शंख बजाना आता ही नहीं था. उस दिन मौसी ने कहा था कि मैं शंख हूँ. मराठी में शंख का मतलब होता है बुद्धू. आपने समझा मैं शंख बजाती हूँ, और मौसी को शर्म आ गई, और मुझसे बोला नहीं गया, इसलिए तीन दिन से छत पर फूँक रही हूँ, और मोहल्ले का कुत्ता अब मुझसे डरता है."

एका दमात. मधे कुठेही न थांबता.

आधी कुणालाच कळलं नाही. मग दुबे दीदींच्या पोटातून हसू सुटलं, आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे जात साऱ्या टेकरीवर पसरलं. खालिदभाई खडकावर बसून मांडी थोपटत होते, "बुद्धू! को खां, बुद्धू!" लोणचंवाल्या बाई मावशीला कोपराने ढोसत होत्या.

मावशीने पदर तोंडावर ओढला. त्याच्याआडून, सगळ्यांच्या हसण्याच्या वर, तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"हिला बोलायला कुणी सांगितलं होतं!"